रोल नीट सरकत नाही? स्क्रू-ड्रायव्हर उचलण्याआधी निगेटिव्ह वाचा

रोल धुऊन येतो आणि फ्रेम एकमेकींवर चढलेल्या दिसतात. पुढचा रोल ठीक निघतो, म्हणून वाटतं की भरतानाच काहीतरी चुकलं असेल. त्याच्या पुढच्या रोलला पुन्हा तेच. लिव्हरने रोल ओढायचे जुने ३५ मिमी कॅमेरे वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. त्यावर सगळ्यात जास्त दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘खालचं झाकण उघडून तेल सोडा’. माझ्या मते हा सल्ला सगळ्यात वाईट. निम्म्या वेळा झाकण उघडायची गरजच नसते, आणि तेलामुळे साधा दोष अवघड होऊन बसतो.

बिघडलेला रोल टाकून देऊ नका. दोष कुठल्या भागात आहे हे बहुतेक वेळा त्या पट्टीवरच उमटलेलं असतं. फक्त ते कसं वाचायचं हे माहीत हवं, आणि त्यासाठी आतली रचना थोडी समजून घ्यावी लागते.

लिव्हर ओढली की दोन गोष्टी एकाच वेळी फिरतात. एक दातेरी रूळ, म्हणजे स्प्रॉकेट, आणि दुसरा उजवीकडचा, रोल गुंडाळून घेणारा टेक-अप स्पूल. दोघांची कामं वेगळी आहेत. स्प्रॉकेट मोजतो, स्पूल गुंडाळतो. फिल्मच्या कडेच्या दोन भोकांमधलं अंतर ४.७५ मिमी असतं आणि पूर्ण आकाराच्या एका फ्रेमला आठ भोकं लागतात. आठ गुणिले ४.७५ म्हणजे ३८ मिमी. त्यातली ३६ मिमी चित्राची, उरलेली २ मिमी दोन फ्रेममधल्या रेघेची. बहुतेक कॅमेऱ्यांत स्प्रॉकेटला एका बाजूला आठच दाते असतात, त्यामुळे त्याचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक फ्रेम. ऑलिंपस पेनसारख्या अर्ध्या फ्रेमच्या कॅमेऱ्यात चार भोकांवर काम भागतं.

स्पूलचं गणित एवढं सरळ नाही. रोल सुरू होताना तो रिकामा, म्हणजे बारीक असतो. फिल्मचे थर चढत जातात तसा तो जाड होतो आणि दर फेऱ्याला जास्त फिल्म मागतो. तो थेट गिअरला जोडला असता तर शेवटी शेवटी फिल्म फाटलीच असती. म्हणून त्याच्या खाली किंवा पोटात घर्षणावर चालणारा क्लच असतो. स्प्रॉकेट जेवढी फिल्म सोडेल तेवढीच स्पूलने घ्यायची, बाकी फेरा क्लचने घसरून वाया घालवायचा. तिसरा भाग म्हणजे खालचं रिवाइंडचं बटण, रोल संपल्यावर फिल्म परत कॅसेटमध्ये, म्हणजे ती ज्या डबीत येते तिच्यात, गुंडाळताना दाबायचं. ते दाबलं की स्प्रॉकेट गिअरपासून सुटतो आणि उलटा फिरायला मोकळा होतो. पुन्हा लिव्हर ओढली की बटण वर येऊन स्प्रॉकेट परत जोडला जायला हवा.

स्प्रॉकेट, स्पूलचा क्लच आणि रिवाइंडचं बटण. फिल्म सरकण्याच्या बहुतेक तक्रारी या तिघांपैकी एकावर येऊन थांबतात.

पट्टीवर काय दिसतं

सगळी पट्टी कोरी असेल तर आधी कडेला बघा. कारखान्यात छापलेले फ्रेमचे आकडे आणि फिल्मचं नाव स्पष्ट दिसत असेल तर धुण्यात चूक नाही, फिल्मवर उजेड पडलाच नाही. म्हणजे बहुधा रोल स्पूलमध्ये अडकलाच नव्हता, आणि तुम्ही छत्तीस वेळा मोकळी लिव्हर ओढलीत. कडेचे आकडेही नसतील तर दोष धुलाईच्या रसायनांचा, कॅमेऱ्याला हात लावू नका. आणि सुरुवातीलाच एकच काळाकुट्ट चौकोन व पुढे सगळं कोरं असेल, तर सगळे फोटो एकाच जागी पडले आहेत. रोल थोडा सरकला आणि मग स्पूलमधून निसटला.

फ्रेममधली रेघ सुरुवातीला बारीक आणि शेवटाकडे रुंद होत गेली असेल, तर हे लक्षण फार महत्त्वाचं आहे. स्प्रॉकेट मोजत असेल तर अंतर बदलूच शकत नाही, त्याचे आठ दाते आठच राहतात. अंतर वाढतंय याचा अर्थ मोजमाप स्पूल करतोय, आणि तो जाड होत चाललाय. स्प्रॉकेट गिअरपासून सुटलेला आहे. जवळजवळ नेहमीच रिवाइंडचं बटण आत अडकलेलं असतं किंवा अर्धवट वर आलेलं असतं.

याच्या उलट, पहिले वीसेक फ्रेम चोख आणि शेवटचे एकमेकांवर चढलेले असतील तर स्पूलचा क्लच ढिला पडलाय. क्लचचा जोर तेवढाच असतो, पण स्पूल जाड झाल्यावर त्याच जोराने फिल्मच्या कडेवर कमी ओढ लागते. स्प्रॉकेटने पुढे ढकललेली फिल्म मग गुंडाळली न जाता स्प्रॉकेट आणि स्पूलच्या मध्ये फुगून बसते, दात्यांवरून उचलली जाते आणि घसरते. अशा रोलच्या त्या भागात बऱ्याचदा अर्धचंद्राच्या आकाराचे मोडही दिसतात.

सगळ्या फ्रेम सारख्याच मापाने चढलेल्या असतील, तर मोजमाप ठरल्या जागी थांबवणारा खटका लवकर बसतोय. तो दोष आत खोलवर असतो. अख्ख्या रोलमध्ये एकदा-दोनदाच चढल्या असतील तर आधी कॅमेऱ्याच्या बाहेर शोधा. काही कॅमेऱ्यांत रिवाइंडचं बटण तळातून थोडं बाहेर आलेलं असतं, आणि ट्रायपॉडची रुंद प्लेट किंवा घट्ट चामडी कव्हर ते दाबून धरू शकतं.

फाटलेली भोकं मात्र भिंगाखाली बघायची गोष्ट आहे. पट्टी उजेडावर धरा आणि भोक कुठल्या बाजूला फाटलंय ते पाहा. फ्रेमचे आकडे स्पूलकडून कॅसेटकडे वाढत जातात, म्हणजे लहान आकडा स्पूलच्या बाजूचा. चीर लहान आकड्याच्या बाजूला गेली असेल तर दाता फिल्म पुढे ओढत होता आणि फिल्म कॅसेटमधून सुटत नव्हती. कॅसेटच्या तोंडाची मखमल कचऱ्याने भरली असेल, हाताने भरलेल्या कॅसेटमध्ये फिल्म जास्त कोंबली असेल, किंवा रोल संपल्यावरही लिव्हर रेटली गेली असेल. बटण नीट न दबता रिवाइंड केलं तरी चीर याच बाजूला जाते, पण तेव्हा ती ओळीने बऱ्याच भोकांना असते. चीर मोठ्या आकड्याच्या बाजूला असेल तर गोष्ट उलटी आहे. स्पूलच फिल्म जबरदस्तीने ओढत होता आणि स्प्रॉकेटचे दाते तिला अडवत होते. क्लच जाम झालाय. ही एक खूण पाहिली की तासाभराची खटपट वाचते, आणि ती पाहायला दहापट मोठं करून दाखवणारं साधं भिंग पुरतं.

एका गोष्टीत गफलत होऊ देऊ नका. फ्रेमच्या एका कडेला उभा काळा किंवा कोरा पट्टा असेल, पण फ्रेममधलं अंतर बरोबर २ मिमी असेल, तर तो शटरच्या पडद्यांचा दोष आहे. फिल्म सरकण्याशी त्याचा संबंध नाही.

काहीही न उघडता करायच्या चाचण्या

वाया गेलेला एक रोल यासाठी कायमचा बाजूला ठेवा. मागचं दार उघडं ठेवून तो भरा, दोन्ही बाजूंची भोकं दात्यांवर बसलीत ना बघा. आता कॅमेऱ्याच्या अंगावरची एखादी स्थिर कड धरा, कॅसेटच्या खणाची कड सोयीची पडते, आणि तिच्या रेषेत फिल्मवर बारीक मार्करने खूण करा. लिव्हर ओढा, शटर दाबा, त्याच कडेशी पुन्हा खूण. दार उघडं असल्याने मागची दाबपट्टी फिल्मवर नसते, म्हणून स्प्रॉकेटजवळ फिल्मला बोटाने हलकंसं टेकवून धरा. अशा पंधरा-वीस खुणा झाल्या की रोल बाहेर काढून भोकं मोजा. दर दोन खुणांमध्ये आठ. कुठे सात किंवा साडेआठ आली तर तिथे स्प्रॉकेटने दगा दिला.

मग रोल काढा आणि क्लच तपासा. स्पूल दोन बोटांनी धरून ठेवा आणि लिव्हर सावकाश ओढा. स्प्रॉकेट फिरत राहिला पाहिजे आणि स्पूलने बोटांना एकसारखा, ठाम विरोध करत घसरायला हवं. स्पूल धरून ठेवताच येत नसेल, किंवा लिव्हरच थांबत असेल, तर क्लच जाम. काहीच जोर जाणवत नसेल तर ढिला. विरोध मध्येच वाढतो, मध्येच सुटतो असं असेल तर जुनं ग्रीस गोळा झालंय.

आता रिवाइंडचं बटण. ते दाबा आणि स्प्रॉकेट बोटाने उलटा फिरवून बघा, मोकळा फिरायला हवा. मग लिव्हर एकदा ओढा. बटण टपकन वर यायला हवं आणि स्प्रॉकेट बोटाने हलता कामा नये. बटण रेंगाळत वर येत असेल तर तिथेच शोध संपला.

रोल भरतानाची काळजी

यंत्रणा चोख असूनही रोल कोरे निघतात ते इथे. फिल्मचं तोंड स्पूलच्या खाचेत घातल्यावर दार लगेच बंद करू नका. एकदा लिव्हर ओढून स्पूलवर फिल्मचा पूर्ण वेढा बसू द्या, वरच्या-खालच्या दोन्ही ओळींची भोकं दात्यांत बसलेली दिसू द्या, मग दार लावा. त्यानंतर रिवाइंडची मूठ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून कॅसेटमधला सैलपणा काढा, विरोध लागताच थांबा. आता लिव्हर ओढताना ती मूठ उलटी फिरली पाहिजे. ती फिरतेय म्हणजे फिल्म सरकतेय, याहून भरवशाची खूण नाही. फ्रेम मोजणारा आकडा हा पुरावा नव्हे, बहुतेक कॅमेऱ्यांत तो रोल नसतानाही पुढे जातो. सैलपणा न काढता मूठ बघत बसलात तर पहिले काही फ्रेम ती हलणारच नाही आणि तुम्ही उगाच घाबराल.

जुन्या, स्क्रू माउंटच्या (लेन्स आट्यांनी फिरवून बसवायच्या) लायकात रोल खालून सरकवायचा असतो. त्याला फिल्मचं तोंड साधारण १० सेंमी लांब कापून घ्यावं लागतं. तसं न कापता ढकललेली फिल्म शटरच्या खाचेत अडकते आणि तिचे तुकडे आत पडतात. हेच तुकडे पुढे गिअरमध्ये जातात.

फिल्म कुठली आहे याकडेही लक्ष असू द्या. साध्या फिल्मचा पाया अॅसिटेटचा असतो, तो जास्त ताण आला की फाटतो. काही फिल्म पॉलिएस्टरवर येतात. त्या पातळ, साधारण ०.१ मिमीच्या असतात आणि सहजासहजी फाटत नाहीत. ताण आला तर मग फिल्मऐवजी गिअरचा दाता तुटू शकतो. दुखणाऱ्या कॅमेऱ्यात पॉलिएस्टरची फिल्म घालू नये, असं माझं ठाम मत आहे.

लिव्हर अडकली तर

जोर लावू नका, आधी कारणं तपासा. रोल संपलाय का? शटर खरंच सुटलंय का, की मागची लिव्हर ओढलेली तशीच आहे? बॅटरी जिवंत आहे का? कॅनन एई-१ मध्ये ६ व्होल्टची बॅटरी मेली की शटर सुटत नाही, आणि शटर सुटत नाही म्हणून लिव्हरही हलत नाही. कॅमेरा जाम झालाय असं समजून लोक तो उघडून बसतात. निकॉन एफएम आणि एफईमध्ये लिव्हर थोडी बाहेर ओढून ठेवल्याशिवाय शटरचं बटण दाबलं जात नाही. कोडॅक रेटिनाच्या काही मॉडेलमध्ये आकडा उलटा मोजतो आणि संपला की लिव्हर मुद्दाम अडवतो, तिथे आकडा पुन्हा वर नेऊन ठेवायचा एवढंच काम. याशिका इलेक्ट्रो ३५ मालिकेत लिव्हर ओढताना आतून ‘खट्’ असा जड आवाज यायला हवा. तो येत नसेल तर आतला रबराचा छोटा पॅड कुजून गेलाय आणि तो बदलावा लागतो.

रोल आत असताना अडकली असेल तर दार उघडू नका. रिवाइंडचं बटण दाबून धरा आणि मूठ सावकाश फिरवून बघा. बटण दाबूनही फिल्म हलत नसेल तर लिव्हर केसभर मागेपुढे करत बटण पुन्हा दाबा, दात्यांवरचा ताण सुटला की ते आत जातं. तरीही जमलं नाही, किंवा मूठ एकदम मोकळी फिरायला लागली (म्हणजे फिल्म कॅसेटच्या गाभ्यापासून सुटलीय), तर जोर लावू नका. मग काळ्या कापडाच्या चेंजिंग बॅगमध्ये किंवा पूर्ण अंधाऱ्या खोलीत दार उघडून फिल्म हाताने काढा आणि उजेड न शिरणाऱ्या डब्यात ठेवा.

खालचं झाकण उघडायचं ठरलं तर

बॅटरी आणि रोल आधी काढा. फ्लॅश आतच बसवलेला छोटा कॅमेरा असेल तर उघडूच नका. त्याच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असू शकतात, बॅटरी काढल्यावरही, आणि तो झटका गंभीर असतो.

लिव्हरवाल्या साध्या एसएलआरचं (लेन्समधलंच चित्र आरशातून डोळ्याला दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचं) तळाचं झाकण बहुधा तीन-चार बारीक स्क्रूंवर असतं. जपानी कॅमेऱ्यांचे चौफुलीचे स्क्रू जेआयएस या जपानी मानकाच्या मापाचे असतात, नेहमीचा फिलिप्स त्यात नीट बसत नाही आणि डोकं घासून टाकतो. योग्य स्क्रू-ड्रायव्हर नसेल तर काम तिथेच थांबवा. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, स्क्रू काढले त्या क्रमाने चिकटपट्टीवर लावून ठेवा.

झाकण निघालं की आधी नुसतं बघा. लिव्हर सावकाश ओढत कोण कोणाला ढकलतं ते पाहा. फिल्मच्या भोकांचे बारीक काप गिअरच्या दात्यांत दिसतात का? ते चिमट्याने उचला, फुंकर मारून आत ढकलू नका. दाराच्या कडेचा उजेड अडवणारा जुना फोम काळा, चिकट झाला असेल तर त्याचे कणही इथवर आलेले असतात.

रिवाइंडच्या बटणाची दांडी आणि तिची स्प्रिंग बहुधा समोरच दिसते. तिच्याभोवतीचं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. कापसाच्या काडीला लायटरचा नॅफ्था लावा, काडी ओली हवी, ठिबकती नको, आणि दांडी पुसा. बटण पुन्हापुन्हा दाबा, पुन्हा पुसा, काडी स्वच्छ निघेपर्यंत. खोली हवेशीर हवी आणि जवळ ज्योत नको. सुकल्यावर दांडीवर घड्याळाच्या ग्रीसचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका पुरे. रेघ वाढत जाणाऱ्या कॅमेऱ्यांपैकी बरेचसे एवढ्यावरच सुरळीत होतात.

जाम क्लचलाही हीच सफाई लागते, पण तिथे शेवटी काहीही लावायचं नाही. क्लच घर्षणावर चालतो. त्यावर तेल गेलं की जाम असलेला क्लच ढिला होतो आणि तुमची तक्रार पट्टीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसते. डब्यातून फवारायचं गंज सोडवणारं तेल तर कॅमेऱ्याजवळ आणूच नका. ते पसरत पसरत शटरच्या पात्यांवर आणि लेन्सच्या आतल्या पात्यांवर पोचतं. ढिल्या क्लचवर तेल चढलेलं असेल तर नॅफ्थाने ते काढूनच निम्मं काम होतं. स्प्रिंगच थकली असेल तर ती बदलावी किंवा ताणावी लागते, आणि ते मॉडेलनुसार वेगळं असतं.

लिव्हर काही न पकडता नुसतीच फिरत असेल तर दोष वरच्या झाकणाखाली असतो. रॅचेटची, म्हणजे एकाच दिशेने पकडणाऱ्या दातेरी चाकाची, खुंटी ग्रीसमध्ये रुतलेली असते. वरचं झाकण काढायला लिव्हरची टोपी फिरवावी लागते आणि काही कॅमेऱ्यांत तिथले किंवा फ्रेम मोजणाऱ्या आकड्याचे आटे उलटे असतात. तुमच्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका हाती नसेल तर तिथे हात घालू नका. मोडलेला गिअर, लवकर बसणारा खटका आणि लिव्हरने शटर ताणून ठेवणारी यंत्रणा ही तीनही कामं जाणत्या कारागिराकडेच द्यावीत. निगेटिव्ह सोबत द्या, त्याचाही वेळ वाचेल.

१२० च्या, म्हणजे कागदासोबत गुंडाळलेल्या रुंद फिल्मच्या रोलबद्दल थोडंच. तिथे भोकंच नसतात, त्यामुळे मोजमाप फिल्मबरोबर फिरणाऱ्या गुळगुळीत रुळावर किंवा मागच्या लाल खिडकीतल्या आकड्यावर चालतं. फ्रेम चढत असतील तर तो रूळ अल्कोहोलने पुसा आणि भरताना पुरवठ्याच्या स्पूलवर बोटाचा हलका ताण ठेवा, म्हणजे कागद सैल बसणार नाही. कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेशी नेमका जुळवा. पेंटाकॉन सिक्सची लिव्हर ओढल्यावर सुटू देऊ नका, हाताने धरून परत आणा. ती आपटली की आतली यंत्रणा हळूहळू बिघडते.

दुरुस्ती झाली की तोच खुणांचा रोल पुन्हा भरा, पण या वेळी दार बंद ठेवून पूर्ण छत्तीस वेळा ओढा. मूठ दर वेळी फिरतेय ना बघा, शेवटच्या दहा वेळा लिव्हरचा जोर वाढतोय का ते हाताला जाणवू द्या. रिवाइंड करा, पुन्हा भरा, पुन्हा ओढा. रोल काढून भोकांच्या कडा भिंगाखाली तपासा. एकही नवी चीर नसेल तर साधा कृष्णधवल रोल घाला, प्रत्येक फ्रेममध्ये तिचा क्रमांक लिहिलेला कागद ठेवून फोटो काढा आणि धुऊन आल्यावर रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत पट्टीने मोजा.